‘पाच हजार वर्षांचे ज्ञान’ आणि चिनी जडीबुटीची चिकित्सा

गोमूत्राने कॅन्सर बरा होतो असे कोणी म्हटले की आपली पोरे त्याची खिल्ली उडवतात. उडवलीच पाहिजे. पण ‘चिनी’ आणि ‘नैसर्गिक’ हे दोन शब्द कानावर पडले की हीच पोरे एकदम भाविक होतात. साखळी पद्धतीने माल खपवणारे एजंट आता आपल्या वस्त्यांत पोचले आहेत. कोणाच्या पिशवीत लिंगझी नावाच्या अळंबीच्या कॅप्सूल, कोणाकडे तीच अळंबी घातलेली कॉफी, तर कोणाकडे वजन उतरवणारा चहा. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, सगळ्यांवर तोच डबा. भाषण पाठ केलेले असते: पाच हजार वर्षांचे ज्ञान, निसर्गाची देणगी, म्हणून अपाय शून्य. समोर आपली माणसे दिसली की त्याला एक शेपूट जोडतात: हा बौद्ध देशाचा ठेवा आहे, म्हणजे आपलाच आहे.

‘जुने आहे म्हणून खरे आहे’ हा युक्तिवाद आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. याच युक्तिवादावर आपल्याला हजारो वर्षे गावाबाहेर ठेवले गेले. परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हे बुद्धाने कालामांना सांगितले ते फक्त वेदांपुरते नव्हते. चिनी पुड्यांनाही ते लागू आहे. आणि गंमत अशी, की चिनी औषधांचा खरा इतिहास या एजंटांच्या भाषणाच्या नेमका उलटा आहे. तो आपल्या कामाचा आहे, म्हणून हा लेख.

आधी ‘पाच हजार वर्षे’ पाहू. चिनी वैद्यकाचे जे सर्वांत जुने ग्रंथ आज हाती आहेत, ते साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान काळात आकाराला आले. शेननोंग या पुराणपुरुषाच्या नावाने चालणारा वनस्पतिकोश त्यांतलाच, त्यात ३६५ औषधे आहेत. वर्षाचे दिवस तेवढी औषधे! त्याआधीची तीन हजार वर्षे जाहिरातवाल्यांनी पदरची घातली आहेत.

दुसरी गोष्ट, हे सगळे चिनी माणसांनी डोळे मिटून कधीच मानलेले नाही. फेब्रुवारी १९२९ मध्ये नानकिंग येथे राष्ट्रवादी सरकारची पहिली सार्वजनिक आरोग्य परिषद भरली. जपानमध्ये वैद्यकशास्त्र शिकलेल्या यू युनश्यू या डॉक्टरने तिथे ठराव मांडला, की जुनी वैद्यकी टप्प्याटप्प्याने संपवावी. वैद्यांची नोंदणी करावी, त्यांच्या शाळा काढू देऊ नयेत, जाहिराती थांबवाव्यात. परिषदेने तो मान्य केला. त्यावर देशभर गदारोळ झाला, १७ मार्चला वैद्य आणि औषधांचे दुकानदार शांघायमध्ये जमले, शिष्टमंडळ नानकिंगला गेले आणि सरकारने ठराव गुंडाळून ठेवला. ठराव बरोबर होता की चूक हा मुद्दा वेगळा. प्रश्न चीनमध्ये, चिनी माणसानेच विचारला होता, एवढे लक्षात ठेवा.

त्याहीआधी हा प्रश्न लू शून या लेखकाने विचारला होता. आधुनिक चिनी साहित्य ज्याच्यापासून मोजतात तो हा माणूस. त्याचा बाप आजारी पडला तेव्हा हा शाळकरी पोरगा होता. घरातली चीजवस्त घेऊन गहाणवटीच्या दुकानात जायचे, मिळालेले पैसे घेऊन औषधाच्या दुकानात जायचे, असे त्याने काही वर्षे केले. नामांकित वैद्याचे नखरे मोठे. काढ्यात काय घालायचे? हिवाळ्यात उपटलेली बोरूची मुळे, तीन वर्षे दहिवर खाल्लेला ऊस आणि रातकिड्यांची एक जोडी. जोडीही साधी चालत नाही, पहिल्याच लग्नाची हवी! लू शूनने पुढे यावर लिहिताना कोरडेपणाने टिपले आहे, की किड्यांनासुद्धा पातिव्रत्य पाळावे लागते, दुसरा घरोबा केलेला किडा औषधालाही नालायक. मनुस्मृती वाचलेल्याला यात नवल वाटणार नाही. समाजात बाईवर जे कायदे लादले, तेच वैद्याने काढ्यात उकळले. बाप १८९६ मध्ये गेला. मुलगा पुढे जपानला वैद्यकशास्त्र शिकायला गेला आणि ते सोडून लेखक झाला.

मग आज दिसते ती ‘पारंपरिक चिनी वैद्यक’ नावाची घडीव, एकसंध गोष्ट आली कुठून? ती आली १९५० च्या दशकात. १९४९ ला कम्युनिस्टांच्या हाती पन्नास कोटींच्या वरचा देश आला. आधुनिक डॉक्टर मूठभर, तेही शहरांत. खेड्यांत होते ते जुने वैद्य, लाखोंच्या संख्येने. त्यांना मोडीत काढणे परवडणारे नव्हते. म्हणून दोघांची एकजूट करा अशी घोषणा झाली, १९५६ मध्ये पहिली चार महाविद्यालये निघाली, एकमेकांशी भांडणाऱ्या परंपरांना कात्री लावून एक अभ्यासक्रम बेतला गेला. परदेशी लोकांसाठी नावही तेव्हाच रूढ झाले. १९५८ मध्ये माओने या वैद्यकाला मोठा खजिना म्हटले. त्याच माओने आपण स्वतः मात्र ही औषधे घेत नाही असे सांगितल्याचे त्याचा डॉक्टर ली झिसुई याने आठवणींत लिहून ठेवले आहे. जनतेला खजिना, नेत्याला आधुनिक डॉक्टर. असे नेते पाहायला आपल्याला चीनपर्यंत जावे लागत नाही.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, म्हणजे सगळे थोतांड. तसे म्हणणेही आळशीपणाचे आहे. या वैद्यकात दोन प्रवाह होते. एक दरबारी, विद्वान वैद्यांचा, आणि दुसरा गरिबाचा. माल विकणारे पहिल्याचे नाव सांगतात. आपण दुसऱ्याकडे पाहू.

चौथ्या शतकात गे होंग नावाच्या माणसाने अडीअडचणीच्या वेळी जवळ बाळगायचे एक औषधांचे पुस्तक लिहिले. आधीच्या ग्रंथांत महागडी, दुर्मीळ औषधे सांगितली आहेत, गरिबाने ती आणायची कुठून, ही त्याची तक्रार होती. म्हणून त्याने कुंपणाला, बांधाला मिळेल अशी झाडपाल्याची औषधे गोळा केली. सोळाव्या शतकातला ली शिझेन तर जगप्रसिद्ध आहे. त्याच्या ग्रंथात १,८९२ औषधे आणि अकरा हजारांवर नुसखे आहेत. २७ वर्षे खपून त्याने तो १५७८ मध्ये पुरा केला, छापून निघाला १५९६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. हा ली शिझेन राजदरबारच्या परीक्षेत तीनदा नापास झालेला. त्याचा आजोबा घंटा वाजवत गावोगाव फिरणारा वैदू होता. शेतकरी, कोळी, लाकूडतोडे यांना विचारून त्याने माहिती मिळवली. पारा खाल्ल्याने माणूस अमर होतो असे जुने ग्रंथ सांगत होते, ते खोटे आहे, पाऱ्याने माणसे मेली आहेत, असे त्याने ग्रंथाच्या विरोधात जाऊन लिहिले. त्याचा सगळा ग्रंथ शुद्ध विज्ञान आहे असे नाही, त्यात भाकडही पुष्कळ आहे. पण खोडायची हिंमत होती.

अठराव्या शतकात झाओ श्वेमिन या विद्वानाने त्या घंटावाल्या वैदूंचे नुसखे लिहून काढले. पांढरपेशे वैद्य त्यांना तुच्छ लेखत. झाओने त्यांची कसोटी नोंदवली आहे, तीन शब्दांची: औषध स्वस्त हवे, गुण येणारे हवे, सहज मिळणारे हवे. आता आपल्या वस्तीत विकल्या जाणाऱ्या डब्याला हे तीन शब्द लावून बघा. पहिल्याच शब्दावर डबा खाली ठेवावा लागतो.

चीनमध्ये समता नांदत होती असा माझा दावा नाही. घंटावाल्याची हेटाळणी होतच होती. पण वैदूचा नातू ग्रंथकार झाला आणि लाकूडतोड्याचे बोलणे ग्रंथात गेले. आपल्याकडे काय झाले? चरकसंहिता म्हणते, की वनस्पतींची नावे आणि रूपे शेळ्या राखणारे, मेंढपाळ, गुराखी आणि रानात राहणारे यांना ठाऊक असतात. लगेच पुढे म्हणते, पण नुसते नाव-रूप ठाऊक असून भागत नाही, त्याचा योग जाणतो तो खरा जाणकार. म्हणजे माहिती गुराख्याची, शहाणपण वैद्याचे. सुश्रुतसंहितेत शूद्राला शिकवावे असे काहींचे मत नोंदवले आहे, तेही मंत्राशिवाय आणि उपनयनाशिवाय. मनूने तर वैद्यालाच श्राद्धाच्या पंगतीतून उठवले आणि त्याचे अन्न पुवासारखे ठरवले. कारण उघड आहे. वैद्याला रक्त, लघवी, जखम यांना हात लावावा लागतो, आणि हात लावणे हाच जिथे गुन्हा, तिथे वैद्यक वाढणार कसे? महाराष्ट्रातली भटकी वैदू जमात पिढ्यान्‌पिढ्या झोळीत मुळ्या घेऊन फिरली. तिचे ज्ञान खरे किती, खोटे किती हे तपासायला कोणी झाओ श्वेमिन तिच्या पालावर गेला नाही.

आणि बौद्ध संबंध? तो आहे, फक्त एजंट सांगतो तिथे नाही. विनयपिटकात भेषज्जक्खंधक नावाचे अख्खे प्रकरण औषधांवर आहे. हिरडा, बेहडा, आवळा, पिंपळी, मिरी भिक्खूंना औषध म्हणून चालतील असे त्यात सांगितले आहे. जीवकाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. सालवती या गणिकेचा मुलगा, जन्मताच उकिरड्यावर टाकलेला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये त्याच्या धम्मस्वीकाराची कथा घेतली आहे. तक्षशिलेत गुरूने त्याला सांगितले, की योजनभर फिर आणि औषध नसलेली एक तरी वनस्पती घेऊन ये. तो रिकाम्या हातांनी परतला. हीच गोष्ट सातव्या शतकात चीनच्या सुन सिम्याओ या थोर वैद्याच्या ग्रंथात जीवकाच्या नावाने येते: जगात औषध नाही असे काहीच नाही. उकिरड्यावरचे पोर हजार वर्षांनी चिनी वैद्यांचा दाखला झाले. याच शतकात इत्सिंग हा भिक्खू ६७१ मध्ये निघाला, नालंदेत बरीच वर्षे राहिला आणि ६९५ मध्ये मायदेशी परतला. त्याने दोन्ही देशांच्या औषधांची तुलना करून ठेवली. आपला हिरडा चिनी औषधांत गेला तो असाच. आज जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात बाळहिरडा वेचणारे महादेव कोळी भावासाठी आंदोलने करतात, तो हाच हिरडा.

त्याच सुन सिम्याओने वैद्याचा धर्म लिहून ठेवला आहे. दारात आलेला गरीब की श्रीमंत, उच्च की नीच, आपला की परका, हे पाहू नये. कोणाच्या अंगावर किळसवाणी जखम असली तरी नाक मुरडू नये. बौद्ध करुणेची छाप त्यावर स्पष्ट आहे. आता हे बाजूला ठेवा आणि १९२९ कडे परत या, ज्या वर्षी नानकिंगला जुने वैद्यक ठेवायचे की नाही यावर वाद चालला होता. त्याच वर्षी काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडली. ही हकिकत ‘यंग इंडिया’त छापून आली आणि बाबासाहेबांनी ती ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये घेतली. दोन रुपये फी आणि गावच्या प्रतिष्ठितांची शिफारस, एवढे झाल्यावर डॉक्टर आला, तोही वस्तीत पाय न ठेवण्याच्या अटीवर. बाळंतिणीलाच वस्तीबाहेर आणावे लागले. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. परत येतानाही तो तसाच हातोहात आला. दिव्याच्या उजेडात पाहून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया. बाई मेली. थर्मामीटर अस्सल विज्ञानाचा होता, बरं का. म्हणून ‘पॅथी’ बदलली की माणूस बदलतो, या भ्रमातही आपण राहू नये.

आता चिनी औषधाचा सर्वांत मोठा विजय. एजंट यावरच सगळ्यात जास्त पैसे कमावतो आणि याबद्दल त्यालाच सगळ्यात कमी ठाऊक असते.

१९६० च्या दशकात व्हिएतनामच्या जंगलात सैनिक हिवतापाने मरत होते, क्लोरोक्विन लागू पडेनासे झाले होते. चीनने २३ मे १९६७ रोजी गुप्त संशोधन सुरू केले, तारखेवरून नाव ‘प्रकल्प ५२३’. १९६९ मध्ये तू यूयू या महिला शास्त्रज्ञाकडे एका गटाचे नेतृत्व आले. तिच्याकडे डॉक्टरेट नव्हती, परदेशातले शिक्षण नव्हते. तिने जुने ग्रंथ आणि जिवंत वैद्य यांच्याकडून दोन हजारांवर नुसखे गोळा केले, त्यांतले ६४० वेगळे काढले आणि शेकडो अर्क उंदरांवर तपासले. छिंगहाओ नावाची वनस्पती, आपल्या दवण्याच्या कुळातली, एकदा गुण दाखवायची, पुढच्या वेळी नाही. तेव्हा तिला गे होंगच्या पुस्तकातले वाक्य दिसले. त्यात मूठभर पाला पाण्यात भिजवून पिळून रस प्या असे सांगितले होते. उकळा असे कुठेच नव्हते. तिच्या लक्षात आले, की उष्णतेने गुण जात असावा. तिने कमी तापमानाला उकळणारा ईथर वापरून अर्क काढला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधला हिवताप शंभर टक्के घालवला. १९७२ मध्ये तिने आणि दोन सहकाऱ्यांनी अर्क आधी स्वतः घेतला, मग हायनान बेटावर २१ रुग्णांना दिला. आर्टेमिसिनिन ते हेच. २०१५ मध्ये तिला नोबेल मिळाले.

इथे एक तपशील कोणी सांगत नाही. गे होंगच्या पुस्तकात हिवतापावर एक नुसखा नाही, चाळीसवर आहेत. त्याच प्रकरणात एक उपाय असा, की कोळी पकडून बोरूच्या नळीत कोंडावा आणि ती नळी गळ्यात बांधावी. छिंगहाओ आणि कोळी, दोघांचे पुस्तक एक, लेखक एक, वय सोळाशे वर्षे. जुनेपणात दोघांत तसूभर फरक नाही. फरक पडला तो उंदरांच्या पिंजऱ्यापाशी. नोबेल समितीच्या सदस्यानेही तेव्हा स्पष्ट केले, की हा सन्मान पारंपरिक वैद्यकाचा नाही. आणि त्या पाल्याचा चहा करून पिणे? जागतिक आरोग्य संघटना त्याला पाठिंबा देत नाही. चहात औषध किती उतरेल याचा भरवसा नसतो, अपुऱ्या मात्रेने रोग बरा होत नाही आणि जंतू मात्र निबर होतात.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, या दुसऱ्या वाक्याचा निकाल बेल्जियममध्ये लागला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्सच्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात बायकांना चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या गेल्या. हानफांगजी या मुळीऐवजी मिळत्याजुळत्या नावाची ग्वांगफांगजी त्यात गेली. शंभराहून जास्त जणांची मूत्रपिंडे खराब झाली. कित्येक डायलिसिसवर गेल्या आणि पुढे काहींच्या मूत्रमार्गात कॅन्सर सापडला. दोषी पदार्थ होता ॲरिस्टोलोकिक आम्ल. ते ज्या कुळातल्या झाडांत असते, त्याच कुळातल्या मुळ्या चिनी औषधांत शेकडो वर्षे वापरात होत्या. शेकडो वर्षांत कोणाला कळले का नाही? कारण मूत्रपिंड हळूहळू, न दुखता निकामी होते आणि कॅन्सर यायला वर्षे लागतात. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो आणि वैद्याच्या वहीत ‘गुण आला’ अशी नोंद झालेली असते. शंभर पिढ्यांचा अनुभव इथे आंधळा पडतो. चीनने स्वतः २००३ मध्ये या कुळातल्या ग्वानमुतोंगवर बंदी घातली. आपल्याकडची सापसंद, म्हणजे ईश्वरी, याच कुळातली आहे. सर्पदंशावर तिची मुळी उगाळून देणारे अजून आहेत, त्यांना हे सांगा.

माहुआंग या वनस्पतीतले एफेड्रिन दम्यावर उपयोगी ठरले, १९२४ मध्ये पेकिंगला त्यावर महत्त्वाचे संशोधन झाले. तीच वनस्पती वजन कमी करायच्या गोळ्यांत गेली, तेव्हा हृदयावर परिणाम होऊ लागले आणि २००४ मध्ये अमेरिकेला अशा गोळ्यांवर बंदी घालावी लागली. इतकेच काय, जेष्ठमधासारखी घरगुती वस्तू रोज जास्त खाल्ली तर पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो. चिनी काढ्यांत जेष्ठमध हमखास असते.

आल्याचा चहा प्या, पुदिना घाला, संत्र्याची वाळलेली साल टाका, शेवंतीच्या फुलांचा चहा आवडत असेल तर तोही करा. चिनी घरांत हेच चालते आणि त्याला कोणाची हरकत असायचे कारण नाही. हरकत आहे ती रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी बंद करून डबा घ्यायला सांगणाऱ्याला. त्याला झाडाचे नाव विचारा, कोणता भाग, मात्रा किती, किती माणसांवर तपासले ते विचारा. एवढ्यावर तो ‘श्रद्धा ठेवा’ म्हणाला, तर तो कोणत्या छावणीतला ते कळले.

बाकी ज्या चिनी वनस्पतीने खरोखर प्राण वाचवले, तिचे औषध आपल्या माणसांपर्यंत केव्हाच आले आहे. गडचिरोलीत हिवतापाचा जोर आजही आहे आणि त्याचा मार आदिवासींवर पडतो. तिथल्या आशाताईच्या पिशवीत रक्त तपासायचे किट आणि आर्टेमिसिनिनच्या जोडगोळ्यांची पट्टी असते, सरकारी, फुकट. डब्यांच्या एजंटाशी वाद घालून उरलेल्या वेळात एक काम करता येईल. पावसाळ्याआधी कोणत्या उपकेंद्रावर किती किट आली, किती गोळ्या आल्या आणि साठा कोणत्या महिन्यात संपला, एवढी तीन वाक्ये माहिती अधिकाराच्या अर्जात लिहायला पुरतात. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेचे कार्ड असेल तर तेही नाहीत.